एपिफोन कॅसिनो: पोकळ गिटार, कोकणातली हवा आणि गणपतीतले कार्यक्रम

कॅसिनो घ्यायचं मनात असेल तर आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. हिच्यासारख्या दिसणाऱ्या गिटारी बाजारात पुष्कळ आहेत. पातळ अंग, गोलसर दोन शिंगं, दोन बाजूंना एफच्या आकाराची भोकं. पण त्यातल्या बहुतेकींच्या पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा असतो. गिब्सन या अमेरिकन कंपनीची ३३५ तशी, एपिफोनच्याच डॉट आणि शेरेटनही तशाच. कॅसिनोच्या पोटात काहीच नाही. हातात घेतली की लगेच कळतं, वजन तीन किलोच्या आत. अॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला, न जोडता वाजवली तरी शेजारच्या खोलीतून विचारणा होते. तिचं सगळं चांगलं-वाईट या एका गोष्टीतून येतं. मला लोक फोन करून विचारतात, "कॅसिनो घेऊ का?" तेव्हा मी उलट विचारतो, किती मोठ्याने वाजवणार आहेस?

मी रत्नागिरीत राहतो, वीजखात्यात नोकरी करतो आणि गणपती, नवरात्र, लग्नसराई आली की ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. आमच्याकडे मागणी साठ-सत्तरच्या दशकांतल्या हिंदी गाण्यांना, मधूनमधून भावगीतांना. या गाण्यांत गिटार बहुतेक वेळा मागे असते. व्हायोलिनच्या ताफ्याखाली, अॅकॉर्डियनच्या शेजारी, तालाबरोबर कॉर्ड देत बसायचं. माझी आधीची सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची, गिटार या कामाला फार टोकदार पडायची. टोनचा नॉब बंद केला तर आवाज गोल व्हायच्या ऐवजी नुसता मंद व्हायचा. आमच्या ग्रुपमधल्या बाई, वयाने माझ्याहून मोठ्या, रिहर्सलमध्ये सगळ्यांसमोर म्हणायच्या, "अरे, तुझी गिटार कानात घुसते रे." बाईंचा कान तयार आहे, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मूळ कॅसिनो १९६१ची. एपिफोन ही एकेकाळी न्यूयॉर्कची तालेवार कंपनी, गिब्सनची तोडीस तोड स्पर्धक. १९५७मध्ये गिब्सनच्याच मालकांनी ती विकत घेतली आणि मिशिगनमधल्या कॅलमझूला दोन्ही नावांच्या गिटारी एकाच कारखान्यात बनू लागल्या. गिब्सनने १९५९ला ईएस-३३० काढली होती. कॅसिनो म्हणजे तीच, एपिफोनच्या नावाने. ३३५पेक्षा स्वस्त, साधी, पोटात ठोकळा नसलेली. ती गाजली मात्र भलत्याच कारणाने. १९६४च्या अखेरीस बीटल्सचा पॉल मॅकार्टनी लंडनच्या एका दुकानात गेला आणि फीडबॅक देणारी, म्हणजे स्पीकरचा आवाज परत शिरला की स्वतःच हंबरणारी, गिटार दाखवा म्हणाला. दुकानदाराने पोकळ आहे म्हणून ही पुढे केली, असं त्यानेच नंतर सांगितलंय. ज्या गुणासाठी त्याने ती उचलली, त्याच गुणाशी मी मंडपात झगडतोय. पाठोपाठ त्याचे साथीदार लेनन आणि हॅरिसन यांनीही घेतल्या. १९६८मध्ये लेननने आपल्या गिटारवरचा रंग खरवडून काढला. ऋषिकेशच्या मुक्कामात डोनोवन या गायकाने सांगितलं, की लाकूड उघडं केल्यावर आवाज खुलतो, आणि यांनी ते मनावर घेतलं, असं म्हणतात. तीच उघडी गिटार घेऊन तो ३० जानेवारी १९६९ला लंडनच्या एका गच्चीवर, बीटल्सच्या त्या प्रसिद्ध कार्यक्रमात, उभा होता. माझ्या मते तो फरक लाकडात कमी आणि वाजवणाऱ्याच्या मनात जास्त. ही मेपलच्या प्लायची गिटार आहे, थरावर थर गोंदाने चिकटवलेली. वरचा रंग काढून आतल्या गोंदाला काय श्वास फुटणार? पण लेननला कोण सांगणार, आणि सांगून त्याने ऐकलं असतं असंही नाही.

आता आपल्याला दुकानात मिळते ती चीनमध्ये, छिंगदाओच्या एपिफोन कारखान्यात बनलेली. अमेरिकेत नॅशव्हिलला बनणारी कॅसिनोही २०२०पासून पुन्हा आली आहे, पण तिची किंमत चिनी कॅसिनोच्या तिपटीहून जास्त, तेव्हा तो विषय सोडून देऊ. चिनी कॅसिनोत मूळ आराखडा बऱ्यापैकी शाबूत आहे. पोकळ अंग, ट्रॅपीझ टेलपीस (तारा खालच्या टोकाला अडकवायची धातूची चौकट), धातूचं झाकण असलेले दोन पी-९० पिकअप (तारांची थरथर पकडणारे भाग), फिंगरबोर्डवर तिरपे चौकोन, आणि सोळाव्या फ्रेटला अंगात शिरणारी नेक. रंग मात्र वेगळा. जुन्या गिटारीवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ लेप असायचा, तो काळानुसार पिवळा पडतो, त्याला बारीक भेगा जातात. हिच्यावर पॉलीचा जाड, चकचकीत लेप आहे. अनेक जाणकार याला नाक मुरडतात. मुरडोत बापडे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हाच लेप हवा.

खरेदी मुंबईला जाऊन केली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण थोडी तक्रार आहे. भिंतीवरची गिटार काढून देताना तिथला मुलगा म्हणाला, "सर, सेटअप कंपनीतूनच होऊन येतो, बघायची गरज नाही." सेटअप म्हणजे तारांची उंची, सूर वगैरे जुळवून देणं. पहिल्या पोझिशनला एफ कॉर्ड धरला आणि दुसरी तार स्पष्ट चढी लागली. ट्यूनर लावून दाखवलं तर म्हणाला, तुमचं बोट जोरात दाबतंय. प्रकरण बोटाचं नव्हतं. नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उंच होत्या, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर दाबताना तार ताणली जात होती. नव्या गिटारीत हा दोष सर्रास सापडतो आणि जाणत्या कारागिराकडून थोडक्या पैशांत निघतोही, पण गिऱ्हाइकाच्या बोटाला दोष देणारा विक्रेता मला आवडत नाही. तिथेच दुसरी एक नॅचरल रंगाची कॅसिनो होती, तिच्या खाचा बऱ्या होत्या. तीच घेतली. सनबर्स्ट दिसायला जास्त देखणी, पण हिचा सूर बरा होता.

दुकानात एक काम जरूर करा. मोबाइलचा टॉर्च एफच्या भोकातून आत मारून बघा. आत लेबल दिसेल, वायर दिसतील, आणि पट्ट्या कशा चिकटवल्यात ते दिसेल. माझ्या गिटारीत खालच्या कडेला गोंदाचे ओघळ सुकलेले आहेत. दिसायला गबाळं, आवाजाशी संबंध नाही. बघायचं ते हे, की कुठली पट्टी सुटलेली तर नाही. मग अंगावर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी हलकं टकटक करा. कुठे काही सुटं असेल तर खरखर ऐकू येते. दुकानातला मुलगा तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

आवाजाबद्दल. नेककडचा पिकअप, व्हॉल्यूम सातवर, टोन सहाच्या आसपास, अंगठ्याने मारलेला कॉर्ड. या एका गोष्टीसाठी मी पैसे मोजले आणि ते वसूल झाले. कॉर्ड उमटतो, जरासा फुगतो आणि पटकन विझतो. ठोकळ्याच्या गिटारीत तो रेंगाळतो, सॉलिडमध्ये आणखी. ऱ्हिदम वाजवणाऱ्याला हे पटकन विझणं सोन्यासारखं, कारण पुढच्या कॉर्डला जागा मोकळी मिळते आणि ढोलक-तबल्यावर गिटारचा चिखल होत नाही. ब्रिजकडचा पिकअप मात्र चांगलाच चरचरीत आहे, व्हॉल्यूम पूर्ण उघडला की अॅम्प फाटायला लागतो. बीटल्सच्या चाहत्यांना तोच हवा असतो. मला वर्षातून दोन-तीन गाण्यांपुरता लागतो.

तारा मी लगेच बदलल्या. कंपनीने घातलेल्या तारा चकचकीत आणि पातळ होत्या. त्या जागी ११च्या फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेटोळ्याच्या गुळगुळीत तारा, घातल्या, तिसरी तारही वेटोळ्याची. बोट सरकताना होणारी चुईचुई बंद झाली आणि आवाज आणखी चाळीस वर्षं मागे गेला. बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं, मात्र आता विसरा. एकोणिसाव्या-विसाव्या फ्रेटवर सोलो वाजवायची हौस असेल तर तेही विसरा. सोळाव्याला नेक अंगात शिरते आणि तिथून पुढे हात वाकडा करत बसावं लागतं. त्याचा एक फायदा असा की पहिली पोझिशन शरीराच्या जवळ येते. तीन तास उभं राहून कॉर्ड वाजवताना डावा खांदा भरून येत नाही.

आता फीडबॅक. स्पीकरमधून आवाज निघतो, तो गिटारच्या पोकळ अंगाला हलवतो, अंग तारांना हलवतं, पिकअप ते पकडतो आणि अॅम्प आणखी मोठं करून परत स्पीकरमध्ये सोडतो. फेरा सुरू झाला की कार्यक्रमात बैल हंबरल्यासारखा आवाज उठतो. माझ्या गिटारीचा दुखरा सूर सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट आणि त्याच्या आसपासचा, म्हणजे साधारण शंभर हर्ट्झ. घरी, रिहर्सलला, छोट्या हॉलमध्ये काही त्रास नाही. सावरकर नाट्यगृहात अॅम्प बाजूला ठेवून वाजवली तर तिथेही नाही. पण गणपतीच्या मंडपात साउंडवाला दोन मॉनिटर (कलाकारांना ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर) पायाशी आणून ठेवतो, बेसचे डबे पाठीमागे रचतो, आणि "काका, टेन्शन नको" म्हणून चहाला जातो. तिथे कॅसिनो हंबरणारच.

यावर मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. अॅम्प पाठीमागे ठेवायचा नाही, बाजूला आणि थोडा पुढे ठेवायचा. वाजवत नसताना तळहात तारांवर टेकलेला हवा, आणि दोन गाण्यांच्या मधे व्हॉल्यूम शून्यावर. मिक्सरवर शंभर हर्ट्झच्या आसपास एक अरुंद खड्डा करून घ्यायचा, साउंडवाला चहाला जायच्या आत. आणि मोठ्या मंडपासाठी एफच्या भोकांत काळा फोम कापून बसवायचा. फोमचे तुकडे मी गादीवाल्याकडून आणले, एफचा आकार कागदावर गिरवून कात्रीने कापले. लांबून दिसत नाहीत. आवाज थोडा कोंदट होतो, पण हंबरणं निम्म्याने कमी होतं. तरीही ज्याला दर आठवड्याला डीजेच्या ताकदीच्या साउंडवर वाजवायचं आहे, त्याने कॅसिनोच्या वाट्याला जाऊ नये. ठोकळ्याची डॉट घ्यावी. माझ्या मित्राने तीच घेतली आणि तो सुखी आहे.

दुसरा त्रास पी-९०चा. हा पिकअप गिब्सनने १९४६ला आणला, एकच कॉइल, त्यामुळे आसपासची वीज तो उचलतो आणि घूंऽऽ करतो. आता हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो. घूं दोन प्रकारचा असतो. एक जाड, खर्जातला, पन्नास हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला. तो ट्रान्सफॉर्मर, पंखे, जाडजूड केबल यांच्यामुळे येतो. दुसरा बारीक, करवती, तो रंगमंचावरच्या दिव्यांच्या डिमरमुळे. दिवे मंद केले की वाढतो, पूर्ण उजळ किंवा पूर्ण बंद असले की जवळजवळ जातो. म्हणजे नेमकं हळुवार गाणं, मंद निळा प्रकाश, आणि मागून करवत. उपाय सोपा आहे. उभ्या जागी हळूहळू वळत राहायचं. कॉइलची दिशा बदलली की घूं कमी होतो, एका ठरावीक कोनात जवळजवळ नाहीसा होतो. साउंड चेकच्या वेळी तो कोन शोधून जमिनीवर चिकटपट्टीची खूण करायची. आमचा ढोलकीवाला म्हणतो, "भाऊ कायम प्रेक्षकांकडे पाठ करून का वाजवतो?" तर यासाठी.

पण घूं हा त्रास, धोका वेगळाच. तारांना हात लावल्यावर घूं कमी होतो ना, तो यासाठी की तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात. मंडपात जनरेटर असेल आणि अर्थिंगची सळई जमिनीत ठोकलेलीच नसेल, तर तुमच्या गिटारीच्या तारा आणि समोरचा माइक यांच्यात विजेचा दाब राहू शकतो. एक हात तारांवर, ओठ माइकवर, आणि फटका. हे कॅसिनोपुरतं नाही, सगळ्याच इलेक्ट्रिक गिटारींना लागू आहे, पण कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. मंडपात गेल्यावर मी आधी मल्टिमीटर काढतो, तारा आणि माइकची जाळी यांच्यामध्ये एसी व्होल्टेज मोजतो. दोन-चार व्होल्टच्या वर दिसलं तर वाजवत नाही. आयोजक कुरकुरतात. कुरकुरू देत, सळई ठोकायला पाच मिनिटं लागतात.

पावसाळ्याबद्दल सगळे विचारतात. कोकणात जुलैत घरातला आर्द्रतामापक नव्वदच्या पुढे बसलेला असतो आणि गिटारला चाळीस-पंचावन्न बरं वाटतं. अख्ख्या लाकडाची अकौस्टिक असती तर मी आणलीच नसती. प्लायच्या अंगाचा इथे उपयोग होतो. थरांचे रेशे एकमेकांना आडवे असल्याने अंग फारसं फुगत नाही, आणि वरच्या जाड लेपातून ओल सहज शिरत नाही. नेक मात्र हलते. पावसाळ्यात तारांची उंची बदलते, ट्रस रॉड (नेकच्या पोटातली, तिचा बाक सांभाळणारी सळई) पाव आटा फिरवावा लागतो, दिवाळीनंतर परत. चावी सोबत येते, पाव आट्याहून जास्त एका दमात फिरवू नये. खरा पाऊस लागतो तो धातूला. टेलपीस आणि पिकअपच्या झाकणांवर खारट हवेने बारीक काळे ठिपके यायला लागलेत. वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने पुसणं आणि केसमध्ये सिलिकाच्या पुड्या ठेवणं, एवढंच हातात आहे. पुड्या मी औषधाच्या दुकानदाराकडून मागून घेतो. त्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर तापवाव्या लागतात, आणि घरात त्यावर जे ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

किरकोळ गोष्टी. ब्रिज आणि टेलपीस यांच्यामधला तारांचा तुकडा मोकळा असतो आणि तो स्वतःच्या मर्जीने वाजतो. मुलीचा केसांचा रबर तिथे तारांच्या वरून-खालून ओवून लावला, वाजणं बंद. ट्यूनिंग पेग साधे आहेत, काम देतात. पिकअप निवडायचा स्विच मात्र मला कच्चा वाटतो, मधल्या जागेवर कधीकधी खरखरतो. तो बदलायचा तर या गिटारीला मागे झाकण नाही. सगळी वायरिंग एफच्या भोकातून दोरा बांधून बाहेर ओढायची आणि त्याच दोऱ्याने परत जागेवर न्यायची. मी दिवसभर पॅनेल उघडतो, सोल्डरिंगचं भय नाही, तरी त्या कामाचा मुहूर्त अजून काढलेला नाही. तोवर स्प्रे मारून भागतंय.

हिशेब असा. गिटार सत्तर हजारांच्या घरात पडली. केस सोबत नव्हती, आणि सोळा इंची रुंद अंगामुळे नेहमीच्या बॅगेत ती बसत नाही, त्यामुळे पोकळ गिटारीचीच केस शोधावी लागते. तारा, केस आणि नटचं काम धरून ऐंशीच्या पुढे बजेट ठेवा. ऱ्हिदम वाजवणारे, जुनी गाणी वाजवणारे, घरी कमी आवाजात बसून वाजवणारे यांनी बिनधास्त घ्यावी. मेटल, मोठा मंच, लांबलचक सोलो असलं काही असेल तर नको. आणि कोकण रेल्वेने नेणार असाल तर केससकट वरच्या बर्थवर ठेवा, खाली सीटखाली ढकलू नका. चिपळूणला चढणारा माणूस त्यावर आंब्याची पेटी ठेवतो.